रेडिओवरची जागल

अमरावतीच्या पाठक वकिलांचा मुलगा केदार अकोल्याला रेडिओवर नेमकं काय करतो, हे आठ वर्षांत त्याच्या घरी कोणाला नीटसं कळलं नव्हतं. त्यात घरच्यांचा फारसा दोष नव्हता. 'रेडिओ ठिणगी' मूर्तिजापूरपर्यंत कसंबसं ऐकू येई, आणि पुढे नुसती खरखर. बडनेरा, अमरावती तर फार लांब. गोपाळकृष्ण पाठकांनी मुलाचा आवाज रेडिओवर एकदाच ऐकला होता, एका खटल्यासाठी अकोल्यात मुक्काम पडला तेव्हा, लॉजच्या मॅनेजरच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, "तुझी गाणी मला कळत नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण तू मधे फार बोलतोस."

ठिणगी हे रॉकचं स्टेशन होतं. डाळीच्या गिरण्यांच्या गावात रॉकचं स्टेशन काढायचं डोकं नितेशचं. नितेशच्या वडिलांची डाळ मिल होती. तो आणि केदार अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होते आणि एका बँडमध्येही. नितेश ड्रम वाजवायचा. केदार गिटार वाजवायचा, पण ती इतकी बेताची की मित्रांनी हळूहळू त्याच्याकडे दोन गाण्यांच्या मधे बोलायचं काम दिलं आणि गिटार काढून घेतली. पुढे नितेशने वडिलांच्या मागे लागून रेडिओचा परवाना मिळवला आणि पहिला फोन केदारला केला. तेव्हापासून केदार रोज रात्री दहा ते दोन माईकसमोर बसे. "मी तुमचा आरजे केडी," असं म्हणून सुरुवात करी आणि हिंदी, इंग्रजी, झालंच तर अकोला-अमरावतीच्या पोरांच्या बँडचीही गाणी लावी. आणि मधे बोलत असे. कुठल्या गाण्यात ड्रम कुठे थांबतो आणि का थांबतो, आपल्या आईने डब्यात काय पाठवलं, कॉलेजात असताना काय फजिती झाली, सगळं.

गावात आणखी तीन स्टेशनं होती. एक नवी हिंदी गाणी लावी, एक जुनी, आणि तिसऱ्यावरचा आरजे लोकांना फोन करून फसवत असे. तिघांचं बरं चाललं होतं. ठिणगीचं मात्र कॉलेजची पोरं आणि नितेशची हौस, एवढ्यावर चाललेलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला नितेशने केदारला दुपारी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, बिस्किटंही मागवली. तेव्हाच केदारला शंका आली, कारण बिस्किटं नितेश फक्त जाहिरातदारांना देत असे.

"एक तारखेपासून ठिणगी बंद," नितेश म्हणाला. "स्टेशन नाही, रॉक बंद. नाव राहीन रेडिओ ठेचा. सकाळी भजनं, मंग वऱ्हाडी गप्पा, बाजारभाव, लग्नातली गाणी."

"कोणी ठरवलं?"

"जाहिरातवाल्यायनं ठरवलं. म्या आयकलं फक्त." नितेशने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते मोडून कपात पडलं तरी तो तिकडे पाहत राहिला. "पाय केड्या, मले काय मजा वाटून राहिली काय? पन सकाळचा कार्यक्रम तुलेच देतो. वऱ्हाडीत बोलाचं. गावातलं कोनीबी करन, पन मले तूच पाहिजे."

केदारने प्रयत्न केला. ज्या साधनाने त्याची तालीम घेतली, ती ठिणगीचे सगळे कार्यक्रम आखत असे. ती दर्यापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरची, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ होती. केदार माईकसमोर बसून "काहून बाप्पा, कसं काय चालू हाये" असं म्हणाला, आणि काचेपलीकडे साधनाने कपाळाला हात लावला. वकिलाच्या घरात तो वाढला होता. तिथे 'मले' म्हटलं की आई 'मला' असं दुरुस्त करायची. वऱ्हाडी त्याला कळायची सगळी, पण त्याच्या तोंडून 'काहून', म्हणजे 'का', असं निघायचं जसं काही समोर साक्षीदार उभा आहे आणि त्याची उलटतपासणी चालली आहे.

"केदारभाऊ, राग नका मानू," साधना म्हणाली. "तुम्ही बोलता तेव्हा वाटते, की तुम्ही आमची नक्कल करून राहिले."

केदारला राग आला नाही. तिचं खरं होतं. ऐकण्याची पुस्तकं तयार करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला त्याने आवाजाचा नमुना पाठवला. त्यांनी लगेच होकार दिला, जानेवारीच्या मध्यावर या म्हणाले. नितेशला हे सांगितलं. त्याने नुसती मान हलवली आणि दिवसभर तो कोणाशी नीट बोलला नाही.

वर्षाच्या शेवटच्या रात्री केदारने आपली आवडती गाणी लावली, सगळ्यांचा निरोप घेतला. फोन आले ते दोनच. एक होता त्याच्या आधीच्या घरमालकांच्या मुलाचा. दुसऱ्याने, उद्या सकाळी भजनं कितीला सुरू होणार, असं विचारलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी केदार खोलीतलं सामान खोक्यात भरत होता. साधनाचा फोन आला.

"केदारभाऊ, तुमचे चाहते निघाले."

"कुठले?"

"पातूरचे. बाळापूरचेही हायेत, बार्शीटाकळीचेही. दोन दिवसांपासून ऑफिसचा फोन वाजून राहिला. रातचं ते धडामधुडूम काहून बंद केलं, म्हणतात. ते बोलनारं पोरगं कुठं गेलं, म्हणतात. एक नत्थुजी ताले म्हणून हायेत, त्यांनी तं मला झोडपलंच. म्हणे भजनानं आमचं भागत नाही."

केदार खोक्यावरच बसला. आठ वर्षं आपण भिंतीशी बोललो, असं वाटून तो गाव सोडायला निघाला होता. आणि हे शेतकरी! त्याने तिच्याकडून पत्ता घेतला. कपाटात ठिणगीचे काळे टी-शर्ट उरले होते, छातीवर ज्वाळा छापलेले. त्यातले दोन पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली. पातूरपर्यंतच्या रस्त्याने तो मनात काय काय जुळवत गेला. संगीताला भाषा लागत नाही, असं एक वाक्य त्याला फार आवडलं. ते त्याने दोनदा म्हणूनही पाहिलं.

तालेंचं वावर पातूरच्या पुढे, आलेगावच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. दहाचा सुमार. हरभरा घाट्यांवर आलेला, कडेला तुरीच्या ओळी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या फांदीला दोरीने एक मोठा काळा स्पीकर बांधलेला, वरून खताच्या पोत्याचं टोपरं. झाडाखाली बसलेले गृहस्थ उठून पुढे आले. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला मफलर गुंडाळलेला.

"तुमीच काय ते?" नत्थुजींनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आवाजानं मोठे वाटत होते."

मागच्या झोपडीतून त्यांची बायको दुर्गाबाई हात पुसत बाहेर आली. केदारकडे बघून तिचा चेहरा उजळला.

"सुटला काय रे बाप्पा?"

"कुठून?" केदारने विचारलं.

"जेलातून."

केदार नत्थुजींकडे पाहू लागला. ते हसू दाबत म्हणाले, "तुमीच रोज सांगत होते ना, मी तुमचा राजे कैदी म्हनून. म्या किती खेप सांगतलं हिले, जेलात कोनी असे गाने वाजवू देते काय. तं हे म्हने, वागनूक चांगली असंन पोराची, म्हनून देत असतीन."

"रातभर झोपू देत नाहीत म्हन्लं लेकराले," दुर्गाबाई म्हणाली. "अन् माय डबा पाठोते, हेबी तूच सांगे. मले वाटे, कोन्या गुन्ह्यात गेला असंन एवढा सुदा पोरगा."

आरजे केडी म्हणजे काय ते केदारने समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मग तिने उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट समोर ठेवलं आणि तिघं लिंबाखाली बसले. केदारने टी-शर्ट काढून दिले. थंडी होतीच, नत्थुजींनी एक लगेच सदऱ्यावरून चढवला. केदारला भरून आलं. आता ते वाक्य बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण आधी त्याने सहज विचारलं, "कुठलं गाणं जास्त आवडायचं तुम्हाला?"

नत्थुजींनी शेंग सोलता सोलता दुर्गाबाईकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"खोटं बोलून काय फायदा," नत्थुजी म्हणाले. "आमच्यासाठी नोयतं ते. डुकरायसाठी होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोंगरातून रानडुकरं उतरतात, रोही उतरतात. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, एका रात्रीत हरभऱ्याचा पट्टा साफ करतं. म्हणून पीक उभं असलं की शेतकऱ्याला रात्री वावरात जागल करावी लागते. फटाके झाले, डबे वाजवून झाले. मग पोराने हा स्पीकर आणून दिला आणि रेडिओ लावून पाहिला. जुन्या गाण्यांचं स्टेशन लावलं तर डुकरं खुशाल चरत. फसवाफसवीच्या स्टेशनवर रात्री नुसता कॉम्प्युटर चालायचा, त्याच त्या गाण्यांना ती भीत नसत. ठिणगी लावलं त्या रात्री मात्र बांधावरून मागे फिरली. नत्थुजींनी शेजारच्या वावरवाल्यांना सांगितलं, त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. असं करत करत पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीपर्यंत झाडाझाडांवर ठिणगी टांगली गेली.

केदार ऐकत होता. हातातली शेंग तशीच राहिली. समोर वावराच्या खालच्या अंगाला हरभऱ्याचा मोठा तुकडा उलटापालटा झालेला दिसत होता, माती उकरलेली, झाडं चिरडलेली.

"हे कधीचं?" त्याने विचारलं.

"भजन सुरू झाल्याच्या दुसऱ्या राती."

आपल्याला वाईट वाटतं आहे ते कशाचं, हे केदारला धड कळेना. आपले श्रोते डुकरं निघाली याचं, की या माणसाचं पीक गेलं याचं. शेवटी तो म्हणाला, "गाणीच हवी असतील तर मी पेन ड्राइव्हवर भरून देतो. रात्रभर वाजतील. स्टेशनची गरजच लागणार नाही."

"केलं ना तेबी मांगच्या साली," नत्थुजी म्हणाले. "बाळापूरच्या आमच्या पाहुन्याच्या, बुधाजीच्या पोरानं देल्लं भरून. एक रात भेले, दुसऱ्या राती दूर उभे राहून आयकलं, तिसऱ्या राती आले चराले. जनावर मूर्ख नसते भाऊ. ते गान्याले भेतच नाही. गानं वाजते, वाजते, अन् मंधातच तुमी बोलता. हसता. कधी मोठ्यानं, कधी हळू. त्याले वाटते, मानूस जागा हाये. त्याले ते भेते. तुमी दोन वाजता घरी जात होते ना? दोनच्या बादच यायचे ते. मंग मी उठो."

केदारला वडिलांचा लॉजवरून आलेला फोन आठवला आणि त्याला एकदम हसू फुटलं. आवरेचना. नत्थुजीही हसायला लागले, कशावर ते माहीत नसताना.

दुर्गाबाई मात्र गंभीर होती. "डुकरायचं जाऊ दे," ती म्हणाली. "मी आयकत होती. गानं नाही समजत मले, पन तू बोलतं ते समजे. एक सांग मले. तो तुया दोस्त, ज्याचा ढोल चिखलदऱ्यात कार्यक्रमाच्या मंधात फुटला, अन् जो रडला म्हने तिथंच. त्यानं मंग दुसरा घेतला का नाही? तू अर्धंच सांगतलं होतं. गानं लावलं अन् इसरला."

केदारला आठवेना की हे आपण कधी सांगितलं. दोन-तीन वर्षं झाली असतील. "घेतला," तो म्हणाला. "पण आता वाजवत नाही."

"काहून?"

"कामात असतो."

"त्याले सांगजो वाजवाले," दुर्गाबाई म्हणाली आणि रिकामं ताट उचलून आत गेली.

केदार परत आला तो सरळ नितेशच्या केबिनमध्ये. साधनालाही बोलावून घेतलं आणि दोघांना सगळं सांगितलं, डुकरांसकट. नितेश टेबलावर डोकं ठेवून हसला. डोळे पुसले, पुन्हा हसला. "आठ वर्षं!" तो म्हणाला. "आठ वर्षं आपन डुकरं हाकलत होतो बे!"

मग केदारने ढोलाचं सांगितलं. नितेशचं हसू थांबलं. चिखलदऱ्याला ड्रमचं कातडं फाटलं होतं आणि समोर कॉलेजची सगळी पोरं असताना तो रडला होता, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तू हे रेडिओवर सांगतलं?"

"नाव नव्हतं घेतलं."

"कोन म्हने ती बाई?"

"दुर्गाबाई ताले. तू दुसरा घेतलास का, असं विचारत होती."

नितेश उठून खिडकीशी गेला. साधनाने ती संधी साधली. तिने सांगितलं ते असं, की रात्री चारही स्टेशनं कॉम्प्युटरवर सोडून लोक घरी जातात. त्या वेळी जिवंत माणूस एकाही स्टेशनवर नसतो. आणि त्याच वेळी सगळ्या वऱ्हाडात शेतकरी जागा असतो, हातात फोन असतो, कानाशी स्पीकर असतो. "आपण दिवसा तिघांशी भांडून राहिलो. रातच्याला भांडायला कोणीच नाही," ती म्हणाली. "जागलीचा कार्यक्रम करू. नावही तेच, जागल."

"डुकरायची गिनती कोन धरते? जाहिरात कोन देईन?" नितेशने विचारलं.

"टॉर्चवाले देतील. बॅटरीवाले देतील. कुंपणाच्या झटका मशीनचे दुकानदार तं पाया पडत येतील. ते मी पाहते."

"अन् बोलन कोन?"

दोघांनी केदारकडे पाहिलं.

"मला वऱ्हाडी येत नाही," केदार म्हणाला.

"बोलूच नका वऱ्हाडी," साधना म्हणाली. "तुमी तुमचं बोला, लोक त्यायचं बोलतीन. डुकरायले तुमचाच आवाज ओळखीचा हाये." ती बोलण्याच्या भरात आपल्या बोलीवर आली होती.

केदारने दोन दिवस मागून घेतले आणि तो अमरावतीला गेला. पुण्याची नोकरी दिवसाची होती, आवाजाला मान होता आणि घरच्यांना चार लोकांत सांगता येईल अशी होती. त्याची आई कुंदाताई तर पुण्याला खोली कुठे बघायची इथवर पोचली होती. रात्री जेवताना त्याने सगळी हकीकत सांगितली. आई 'डुकरं' या शब्दाशी थांबली, ती पुढे सरकेचना. वडिलांनी मात्र मठ्ठ्याची वाटी संपवली आणि विचारलं, "म्हणजे तू मधे बोलतोस, त्याला ती घाबरतात?"

"हो."

"आणि मी बोलू नकोस म्हणालो होतो."

"हो."

गोपाळकृष्णांनी मिशीवरून हात फिरवला. "चाळीस वर्षं कोर्टात उभा आहे. माझं कोण ऐकतं आणि कोण नुसतं घाबरतं, मी कधी विचारत बसलो नाही. त्या नत्थुजींचं राहिलेलं पीक वाचेल का तुझ्याने?"

"वाचेल बहुतेक."

"मग मला काय विचारतोस?"

पुण्याला केदारने फोन करून नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर, मूर्ख ठरलो तर काय, असं त्याला वाटलं, हेही खरं.

'जागल' सुरू झाला तो संक्रांतीच्या आत. रात्री दहा ते चार. दोनच्या पुढचे दोन तास नत्थुजींनी हट्टाने वाढवून घेतले. पहिल्या आठवड्यात फोन करणारे लाजत. आपला आवाज आपल्याच झाडावरून ऐकू आला की घाबरून फोन ठेवून देत. मग सरावले. आलेगावकडचा कोणी सांगे, की डोंगरातून कळप उतरून राहिला, पंधरा-वीस असतील, पिलंही आहेत. केदार लगेच पुढच्या गावांना सावध करी, "चोंढीच्या मंडळींनो, उठा, तुमच्याकडे निघालेत," आणि जोरातलं गाणं लावी. लोक त्याला 'गिटार सोडा' म्हणत. "केडीभाऊ, गिटार सोडा लवकर, धुऱ्यावर उभे हायेत." गाण्याच्या मधेच तो आवाज बारीक करून खच्चून ओरडे, मोठ्याने हसे, आणि कुठल्याशा वावरातून फोन येई, की पळाले. बाकी वेळ गप्पा चालत. कोणाच्या गाईला कालवड झाली, कोणाची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली, पाटाचं पाणी कधी सुटणार. बार्शीटाकळीच्या सीमा नावाच्या बाईंचा नवरा आजारी असल्यामुळे त्या एकट्याच वावरात बसत. त्या म्हणत, काही बोलायचं नाही, फक्त लाइनवर राहू द्या थोडं. केदार त्यांची लाइन चालू ठेवी आणि इतरांशी बोलत राही.

साधनाने शब्द पाळला, टॉर्चवाला आणला, बॅटरीवाला आणला. फसवाफसवीच्या स्टेशनने हे पाहिलं आणि फेब्रुवारीत आपलाही रात्रीचा कार्यक्रम काढला. माणूस बसवायचा खर्च नको म्हणून त्यांनी कुत्र्यांच्या भुंकण्याची फीत लावली. तिकडे डुकरांचं काय झालं माहीत नाही, पण गावागावांतली खरी कुत्री त्या रेडिओला उत्तर देऊ लागली आणि कोणाला झोप येईना. चार रात्रींत त्यांनी ते गुंडाळलं.

सगळंच काही वाचलं नाही. बाळापूरच्या बुधाजीचा मक्याचा तुकडा रोह्यांनी एका रात्रीत खाल्ला, स्पीकर चालू असताना, केदार बोलत असताना. बुधाजीने फोन करून ते शांतपणे सांगितलं. केदारला त्या रात्री पुढे नीट बोलता आलं नाही. पण नत्थुजींचा उरलेला हरभरा घरी गेला. आणि एका रविवारी सकाळी केदार नितेशच्या घरी गेला तेव्हा गच्चीवरच्या खोलीतून धडधड ऐकू येत होती. नितेशची बायको कानात बोटं घालून स्वयंपाक करत होती.

"कोन बाई त्याच्या डोक्यात भरवून गेली माहीत नाही," ती म्हणाली. केदारने आपल्याला ठाऊक आहे असं दाखवलं नाही.

होळीनंतर वावरं रिकामी झाली. राखायला काही उरलं नाही, तेव्हा नितेश म्हणाला की आता जागल पावसाळ्यापर्यंत बंद ठेवू. केदारलाही ते पटलं. पण तसं जाहीर केल्यावर फोन यायचे थांबेनात. शेवटी कार्यक्रम संध्याकाळी आठ ते दहा करून ठेवला. एप्रिलमध्ये अकोला तापलं की संध्याकाळी माणसं अंगणात बाजा टाकून बसतात, पाणी शिंपडतात, आणि दहापर्यंत आत जायचं नाव घेत नाहीत.

एका संध्याकाळी बुधाजीचा फोन आला. "केडीभाऊ, आता डुकरं नाहीत, घाई नाही," तो म्हणाला. "ते तुमी रोज लावता ना, सुरुवातीले हळू वाजते अन् मंग भडकते, ते इंग्रजी गानं. त्याच्यात तो मानूस म्हंते तरी काय?"

केदारने माईक जवळ ओढला. आठ वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. कॉलेजच्या पोरांना अर्थ कळायचा, म्हणून ती विचारत नसत. बाकीच्यांना नको असायचा.

"तो एक मुलगा आहे," केदारने सुरुवात केली. "त्याचं घरी भांडण होतं. तो रात्रीच गाडी काढतो आणि निघतो. रस्ता लांब, सरळ, दोन्हीकडे काही नाही. तो म्हणतो, मी जाईन तिथे मला कोणी ओळखणार नाही, आणि मला तेच पाहिजे. मग गिटार भडकते ना, तेव्हा तो गाडी जोरात सोडतो."

"अन् मंग?"

"मग गाणं संपतं."

"घरी नाही येत तो?"

"गाण्यात तरी नाही."

पलीकडे बुधाजी कोणाशी तरी बोलत होता. ऐकणारे पाच-सहा जण असावेत. कोणी म्हणत होतं, की गाडीत पेट्रोल तरी किती असणार. कोणी बाई म्हणत होती, की भांडण बापाशी झालं असेल तर पोरगा येतो परत, भावाशी झालं असेल तर येत नाही. बुधाजी पुन्हा फोनवर आला.

"केडीभाऊ, आमी इथं सात जनं बसलो हाओत. भांडन कोनाशी झालं ते सांगते काय तो?"

"नाही सांगत. थांबा, मी पुन्हा नीट ऐकतो."

"आमीबी आयकतो. लावा एक खेप," बुधाजी म्हणाला. "अन् मंधात नका बोलजा या वेळी."

केदारने गाणं लावलं, हेडफोन कानावर घट्ट दाबले आणि पहिल्या ओळीपासून शब्द न् शब्द ऐकू लागला.